लाल वडी, शुक्रवार सोडून

बोर्कुम, ९ सप्टेंबर १९८४

प्रिय रोझी,

बेटावर पोचले. बोटीत अर्ध्या लोकांनी ओकून पिशव्या भरल्या. मी सॉसेज घातलेला पाव खाल्ला आणि वर कॉफी प्यायले. खोली बरी आहे, उशी म्हणजे धोंडा. सकाळी नर्सबाई येऊन विचारतात, "काय, आज आपण कशा आहोत?" मी म्हटलं, "तुम्ही कशा आहात ते तुम्हाला ठाऊक, मी खोकतेय." तेव्हापासून त्या माझ्याशी जपून वागतात.

आता कामाचं ऐक. नीट बसून वाच, उभ्या उभ्या नको.

तळघरात माशांच्या मोठ्या टाकीत मातीच्या सुळक्यावर अंडी आहेत. तू म्हणशील, ही म्हातारी नव्यानं काय सांगतेय. पण रोझी, ह्या जोडीनं आजवर दर वेळी स्वतःची अंडी गिळली, आणि या खेपेला मेले राखण करताहेत! मादी परांनी वारा घालते, नर कोपऱ्यात उभा राहून माझ्यावरच डोळे वटारतो. माझ्या एगॉननं हाताने वाढवलेल्या डिस्कस माशांपैकी एवढे दोनच उरले. मादीचं वय बघता पुन्हा अंडी धरेल असं वाटत नाही. त्याची काही निशाणी राहायची असेल तर ती या अंड्यांतून. म्हणून तर मी ही हवापालट पुढे ढकला म्हणून खर्च देणाऱ्या विमावाल्यांना फोन करायला निघाले होते, आणि तूच मला कोट चढवून गाडीत बसवलंस. "जा गं, मी आहे ना," म्हणालीस. तर आता रहा.

फ्रीझरच्या पेटीत वरच्या टोपलीत लाल वड्या आहेत. बैलाचं हृदय, करंदी, मटार, लसूण, गोड मिरचीची पूड आणि डासांच्या लाल अळ्या. पिशवीत पातळ थापून गोठवल्यात आणि चॉकलेटला असतात तशा रेघा पाडल्यात. सकाळी एक चौकोन मोडायचा, संध्याकाळी एक. शुक्रवारी उपास. कितीही तोंडं वर करून बघितलं तरी उपास. वडी वितळली की परत गोठवायची नाही, उरली तर फेकायची. आणि त्या पेटीत तुझं आइस्क्रीम ठेवू नकोस. मागच्या उन्हाळ्यात त्याला लसणाचा वास लागला तर माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास.

काच खटखटवायची नाही. दिवा एकदम लावायचा नाही. बाकी सगळं त्यांचं ती बघतील.

तुझी,
हेडी

हेर्ने, १५ सप्टेंबर

लाडक्या हेडी,

तुझं पत्र मिळालं. आधी चष्मा शोधला, मग बसून वाचलं, आज्ञेप्रमाणे! इथे पाऊस लागलाय. काल आलुबुखाराचा केक केला, तुझा तुकडा मीच खाल्ला. जिन्यातली बाई अजून पायपुसणं झटकताना सगळी धूळ आपल्याच दारात टाकते. तू आलीस की तिला काय ते ऐकव, माझ्यानं होत नाही.

आणि बातमी: पिल्लं निघाली! नुसती टिंबं टिंबं. मोठ्यांनी गिळायच्या आत मी चहाच्या गाळणीनं सगळी उचलली आणि काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली. आपली आई गप्पींची पिल्लं उचलायची ना, तश्शी. आठवतात बाबांच्या खिडकीतल्या त्या बरण्या? मग लाल वडी किसणीवर किसून चिमूटभर टाकली तर अशी तुटून पडली म्हणून सांगू! दिवसागणिक गुटगुटीत होताहेत. तेव्हा तू निर्धास्त रहा.

तुझ्या खोकल्याचं लिही. घराबाहेर पडल्यावर कमी झाला का गं? की तसाच आहे? नीट लक्ष दे आणि अगदी खरं लिही, मला कळायला हवं. आणि फिर, चार माणसांत बस. सारखं मासे मासे करू नकोस. माशांवाचूनही माणसं जगतात.

तुझीच,
रोझी

बोर्कुम, १९ सप्टेंबर

रोझी,

तुझं पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले.

अगं बाई, ही गप्पी नव्हेत! डिस्कसची पिल्लं सुरुवातीला दुसरं काही खात नाहीत. आईबापांच्या अंगावर चिकट थर येतो, त्यालाच लुचतात. आईला लागतात, ती दमली की झटका देऊन बापाकडे सोडते. एगॉन तळघरात स्टूल टाकून हेच बघत बसायचा, जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. बरणीतली पिल्लं वडीवर तुटून पडणं शक्यच नाही. ती गुटगुटीत होत नाहीयेत, रोझी. ती मेलीत. आणि तू ते मला सांगायला घाबरतेस.

मी रागावले नाही. खोटं कशाला, रागावले होते. धक्क्यावर जाऊन एका समुद्रपक्ष्याला भरपूर शिव्या घातल्या, तोही उलटून बोलला, मग बरं वाटलं. तुझी चूक नाही. आपण दोघी ज्या घरात वाढलो तिथे आई पिल्लं खाते हे मुळाक्षरांआधी शिकलो. तू आपली वाचवायला गेलीस. मीच लिहायला हवं होतं, आणि मी वड्यांवर पानभर लिहिलं.

फक्त सरळ सांग. पिल्लं गेली असतील तर गेली म्हण. आणि जोडी कशी आहे ते लिही. अंगावर काळपट झाक आलीय का? कोपऱ्यात तोंड घालून उभी आहेत का? तसं असेल तर टाकीला चादर लाव आणि दोन दिवस कुणी तिकडे जाऊ नका. खाणं लाल वडीच द्यायची, दुसरं काही पुढे करू नकोस. जन्मापासून तिच्यावर वाढलीत, बाकी सगळं थुंकून टाकतात.

खोकला म्हणशील तर जवळजवळ नाहीच. काल उंच दीपस्तंभावर चढले, मध्ये एकदाच थांबले. तू इतक्या काळजीनं विचारलंस, बरं वाटलं गं. एगॉन गेल्यापासून असं कुणी विचारत नाही.

बंदरावर ताजी करंदी मिळते. स्वयंपाकघरातल्या बाईंना गळ घालून एक पिशवी त्यांच्या बर्फपेटीत ठेवली आहे. त्यांना वाटलं मी खोलीत चोरून खाते. मी म्हटलं, "माझ्यासाठी नाही हो, घरच्यांसाठी." आल्यावर त्याची नवी वडी करू. तू हृदय साफ कर, पांढरी शीर एक ठेवायची नाही. खिम्याचं यंत्र मी फिरवीन.

हेडी

हेर्ने, २४ सप्टेंबर

लाडक्या हेडी,

हो. गेली पिल्लं. तू म्हणालीस तसंच झालं. मी मेली मूर्ख, काय लिहू कळेना म्हणून गोडगोड लिहिलं. माफ कर. तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले, खरंच सांगते.

जोडी छान आहे. काळीबिळी नाही, चांगली रंगदार. दोन्ही वेळा चौकोन फस्त करतात. शुक्रवारी तर इतकी मागे लागली की मला राहवेना, अर्धा चौकोन टाकला. रागावू नकोस!

तुझा खोकला थांबला हे वाचून मी देवाचे आभार मानले. हेडी, मग घाई कशाला? तिथल्या डॉक्टरांना विचारून मुक्काम वाढव ना. आणि वसंतात आपण दोघी बसनं इटलीला जाऊ. ते सरोवर बघू, लिंबाची झाडं बघू. तू दर वेळी "टाकी कोण बघणार" म्हणून मोडता घालतेस. या वेळी मी काही ऐकणार नाही.

इथे आता थंडी पडायला लागलीय. तुझी लोकरी बंडी पाठवू का?

रोझी

बोर्कुम, २८ सप्टेंबर

रोझविथा,

मला बंडी नको.

तुझ्या पत्रावर मी विश्वास ठेवला. शुक्रवारच्या अर्ध्या चौकोनावर तर फारच. वाटलं, ही आपल्याला न विचारता लाड करतेय, म्हणजे हिचा जीव जडला त्यांच्यावर. मला हसूसुद्धा आलं. तरी पिल्लं गेल्यावर मादी खचते म्हणून मनात राहून राहून यायचं. तर काल हार्टमुटला फोन लावला. म्हटलं, मासेवाल्या मंडळाचा अध्यक्ष आहेस, दोन गल्ल्या पलीकडे राहतोस, जरा आमच्या तळघरात डोकावून ये.

तर तो म्हणाला, "हेडविग, माझी थट्टा करतेस का? जोडी माझ्याकडे आहे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी रोझविथानं बोलावून दिली."

फोन इथे बोळात आहे, मागे रांग होती. तो बिचारा सांगत होता, मी ऐकत होते. तू त्याला म्हणालीस, हेडीला मासे बंद करायला सांगितलंय, स्वतःच्या हातानं देववत नाही म्हणून तिनं मला नेमलंय. वर हेही, की तिला पत्र लिहू नको, तिचं दुःख उकरून काढू नको. तो माणूस अडीच आठवडे माझ्या दुःखाला जपत गप्प बसला! सुळका त्यानं अंड्यांसकट नेला. हलवाहलवीत ती पांढरी पडून वाया गेली. म्हणजे पिल्लं निघालीच नाहीत, रोझविथा. जी पिल्लं निघालीच नाहीत ती तू गाळणीनं उचललीस, त्यात आईचं नाव घातलंस, मग मारलीस आणि वर त्यांच्यासाठी रडलीस. आणि मी इथून तुझी समजूत घालत होते!

जोडी कोपऱ्यात उभी आहे. काळी पडलीत. त्यानं जिवंत किडे दिले, विकतची खाणी दिली, सगळं तोंडात घेऊन थुंकतात. तुझ्याकडे वड्या मागायला आला तर तू म्हणालीस, पेटी बंद केली, टाकून दिल्या. पूर्ण टोपली भरलेली होती. हृदय साफ करताना माझी बोटं आखडली होती, तूच गरम पाण्याचं भांडं आणून दिलं होतंस.

मी तिथेच, बोळात, त्याला कृती सांगितली. "हृदय घे, पांढरं सगळं काढ, एक दोरा राहता कामा नये," असं मी मोठ्यानं ओरडत होते आणि मागच्या बाई दोन पावलं मागे सरकल्या. लाल अळ्या किती घालायच्या तेही सांगितलं. त्यांच्याच वासाला ती येतात. आज तो करतोय. जमतंय का बघू.

तू माझा केसानं गळा कापलास. दुसऱ्या कुणी केलं असतं तर चोर म्हणून मोकळी झाले असते. तू माझी सख्खी बहीण, वरच्या मजल्यावर राहतेस, तुझ्या पायांचा आवाज आला नाही तर मला सकाळ झाल्यासारखं वाटत नाही.

का केलंस ते लिही. एक पान. पाऊस आणि केक सोडून.

हेडविग

हेर्ने, १ ऑक्टोबर

हेडी,

लिहिते.

ऑगस्टमध्ये तुझ्या रक्ताची तपासणी आली. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, खोकला समुद्राच्या हवेनं जाणारा नाही, तो तुमच्या बहिणीच्या पेटीतून येतो. त्या लाल अळ्या. इतकी वर्षं तू त्या दळतेस, हातानं थापतेस, पेटी उघडून श्वास घेतेस, त्यानं तुझी फुप्फुसं बिघडली. असंच चालू राहिलं तर एखाद दिवशी श्वास अडकेल तो सुटणार नाही. मी म्हटलं, तुम्ही सांगा तिला. ते म्हणाले, ती ऐकणार आहे का? तुम्हीच काहीतरी करा, ती घरात नसताना केलेलं बरं.

तू ऐकलं असतंस? खरं सांग. पेन्टेकॉस्टच्या सणाला तू पेटीवर ओणवी होऊन निळी पडलीस, मी तुझी पाठ चोळत होते, आणि पहिला श्वास आल्यावर काय म्हणालीस? "झाकण लाव, वड्या वितळतील." मी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत जिन्यात बसून होते. एगॉनला आपण पुरलं. तुला मी पुरणार नाही. मला दुसरं कुणी नाही, हेडी.

आता विचारलंसच तर उरलेलंही ऐक. मला कंटाळा आला होता. जेवायच्या टेबलावर ते रक्ताळलेलं हृदय, रविवारी कॉफी प्यायला आलीस तरी तुझा एक डोळा घड्याळावर. मी काहीही सांगत असले तरी मध्येच उठायचीस, "त्यांची वेळ झाली." माझी वेळ कधी झालीच नाही. तळघर धुतलं तेव्हा मला मोकळं वाटलं. वाईट वाटलं आणि मोकळंही वाटलं. घे, लिहिलं.

खोटं बोलले ते चुकलं. पण तू तिथे दीपस्तंभ चढतेस! हार्टमुटच्या माशांचं काय व्हायचं ते होवो, तू चढतेस ना? मला शिव्या दे, पण जिवंत रहा. मी शनिवारी स्टेशनवर येते. आमटीत गोळे घालून करते, तुला आवडतात तसे.

रोझी

बोर्कुम, ४ ऑक्टोबर

रोझविथा,

मादी गेली. हार्टमुटनं काल फोन केला. त्यानं वडी बरोबर केली होती, नरानं उचलली. मादी वडीपर्यंत आली, वास घेतला आणि परत कोपऱ्यात गेली. इतके दिवस उपाशी राहिल्यावर पोट काही घेत नाही. तो मोठा माणूस फोनवर रडत होता, आणि त्याचा काडीचा दोष नाही. नर त्याच्याकडेच राहील. मी आणणार नाही.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पेन्टेकॉस्टचं खरं आहे. मी तसंच म्हणाले होते. रविवारचंही खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते. तू घाबरलीस, तुला माझी काळजी होती, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आता माझं ऐक. मी काय केलं असतं ते तू विचारलंस, पण उत्तर आधी स्वतःच ठरवून टाकलंस. मी आरडाओरडा केला असता. डॉक्टरला गाढव म्हटलं असतं. दोन दिवस दार लावून बसले असते. आणि मग लाल अळ्या सोडल्या असत्या. अगं, वडीत दुसरं काय कमी आहे? हृदय आहे, करंदी आहे. दर खेपेला अळ्या थोड्या कमी करत गेलं, करंदी वाढवली, तर नाताळपर्यंत ती जोडी बिनअळ्यांची वडी खायला लागली असती. एगॉननं त्यांच्या आईबापांना असंच एका खाण्यावरून दुसऱ्यावर आणलं होतं. तोवर अळ्या घालायचं काम हार्टमुटनं त्याच्या घरी केलं असतं, नाक बांधून. फुप्फुसंही राहिली असती, मासेही राहिले असते. रोझविथा, एका वाक्याचं काम होतं. "हेडी, त्या अळ्या तुला मारताहेत." एवढंच म्हणायचं होतं. जिन्यातून हाक मारून म्हटलं असतंस तरी चाललं असतं.

तू म्हणशील, दोन माशांसाठी एवढं. मी माशांसाठी रडलेय, नाही असं नाही. पण मासे मरतात, मी कितीतरी मेलेले जाळीनं काढलेत. मला लागलं ते वेगळंच. मी इथे खोकला थांबल्याचं तुला आनंदानं कळवत होते आणि तू त्याचा हिशेब तुझ्या बाजूनं मांडत होतीस. मी तुझ्या मायेनं विरघळत होते. सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टरला, तुला, अर्धंमुर्धं हार्टमुटला. माझ्याच आजाराची बातमी माझ्यापर्यंत आली नाही. मी अशी कधी झाले, की माझ्याबद्दल शेजारच्या खोलीत बोलायचं?

शनिवारी स्टेशनवर येऊ नकोस. आमटी करू नकोस. वरच्या मजल्यावर तू रहा, घर जितकं माझं तितकं तुझं, भांडण नाही. जिन्यात भेटलीस तर मी बोलेन. रविवारी कॉफीला मात्र मला धरू नकोस, कधीपर्यंत ते मलाच माहीत नाही. करंदी मी स्वयंपाकघरातल्या बाईंना देऊन टाकली.

आज निघायच्या आधीची तपासणी झाली. इथल्या डॉक्टरांना मी अळ्यांचं सरळ विचारलं. ते गोंधळलेच. म्हणाले, "म्हणजे? तुम्हाला हे माहीत नव्हतं? तुमच्या डॉक्टरांच्या कागदांवर तर लिहिलंय, बहिणीला कल्पना दिली आहे." मग त्यांनी पेन काढलं आणि विचारलं, "बरोबरच आहे, घरी लक्ष ठेवणारं कुणीतरी हवंच. बहीण तुमच्याच घरात राहते ना? पुढचं सगळं मी त्यांनाच समजावून लिहितो."

मी म्हटलं, "मी एकटी राहते. काय असेल ते मला सांगा."

हेडविग